चुलीएवढी जागा

मुरबाडच्या बाजारात कुणी तिला विचारलं असतं, तू कुठली गो, तर दाखवायला तिच्याकडं कागदाचा कपटा नव्हता. तिचा सासरा, नवरा, ती, सगळे आमच्या शेतात राबले, आमच्याच माळावर कुडाच्या घरात राहिले. पण रेशनकार्ड नाय, जातीचा दाखला नाय. दिवाळी झाली की माळावरची त्यांची सगळी वाडी वीटभट्टीवर जायची, आणि नावं लिहून घेणारे नेमके तेव्हाच यायचे. दाखला मागायला गेलं की पहिला प्रश्न, घर कुणाच्या जागेत? जागा आमची. झालं, गाडं तिथंच अडायचं.

मग सरकारनं वाडीतल्या घरांखालची जागा राहणाऱ्यांच्या नावावर करायचं ठरवलं. मालकाची संमती हवी होती. आमचे हे कसले देतात! "उद्या डोक्यावर बसतील," म्हणाले. मी जेवायला वाढत होते, पण बोलणं टाकलं. शेवटी वैतागून त्यांनी सही केली. मी तशीच माळावर धावत गेले. तिचा नवरा खोकत बसला होता, तो हसला. म्हणाला, "म्हंजे आता आमी इथले झालो."

घरं मोजायला तलाठी यायच्या आधीच तो गेला. त्याच घरात, चुलीपाशी.

त्यांच्या वाडीत रीत आहे. घरात माणूस गेलं की ते घर मोडायचं आणि दुसरीकडं उभं करायचं. दिवसकार्य झाल्यावर तिनं कूड उपसले आणि नाल्यापलीकडं, जंगलाच्या जागेत घर बांधलं. वासे वाहायला मीही हात लावला. काय म्हणावं आम्हाला! ना मला सही आठवली, ना तिला मोजणी. तेव्हा दोघींना तो सोडून काहीच सुचत नव्हतं.

तलाठी आला. माणूस वाईट नव्हता. मोकळी जागा बघून म्हणाला, "इथं घर कुठंय? पलीकडचं तर तुमच्या जागेत नाही."

मी तिला बाजूला घेतलं. "चार काठ्या रोव गो इथं. तो पुन्हा येईल. नाव लागू दे, मग कुठं राहायचं तिथं राहा."

"बाय, तिथं माझा माणूस गेलाय. त्याच्या उरावर चूल पेटवू?"

माझं डोकं फिरलं. "मग मर तशीच, बिनकागदाची!" म्हटलं. तेव्हा जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आमच्या सासऱ्यांनी माजघरात जीव सोडला. तेरावं झालं, सातबाऱ्यावर वारस लागले, आणि आम्ही त्याच माजघरात जेवतो. तिचं तसं नव्हतं, एवढं मला कळायला हवं होतं.

यंदा ह्यांनी ती जागा नांगरून घेतली. रिकामी कशाला ठेवायची, म्हणाले. नाचणी लावायला तीच आली, रोजावर. कुरकुर नाय, काय नाय. वाकून रोपं लावत गेली, आणि मधेच, चूल होती तिथं, सुपाएवढी जागा सोडून पुढं सरकली.

हे बांधावरून ओरडले, "अगो, तिथं राहिलं!"

तिनं पुढचं रोप रोवलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "तेवढी तिची आहे."

"कुठं लिहिलंय?"

ती पुढच्या ओळीला लागली होती.