घरातलं ‘म्हणाला’चं काम

सांगलीच्या कॉलेजात मराठीच्या सरांनी माझी पहिली गोष्ट वर्गात वाचून दाखवली, पण कौतुकानं नव्हे. “ये,” ती हसली, असं मी लिहिलं होतं. “बस,” त्यानं पाट सरकवला, असंही.

“पाट सरकवून बोलता येतं का हो?” सरांनी विचारलं आणि अख्खा वर्ग माझ्याकडं वळून बघायला लागला. मग त्यांनी समजावलं. पुढं ‘म्हणाली’ असेल तर स्वल्पविराम द्या. माणूस नुसतं काही करत असेल तर बोलणं पूर्णविरामानं संपवा आणि त्याला करू द्या. आणि ऊठसूट ‘म्हणाला’ कशाला? ते काढून बघा, अडतं का.

आता सरांना कसं सांगायचं, की आमच्या घरात त्याच्यावाचून सगळंच अडत होतं!

माझे वडील, आबा, त्याच वर्षी लष्करातून पेन्शनीवर गावी, कुंडलला आले होते. अंगणातल्या दगडांना चुना लावून झाल्यावर त्यांची नजर स्वयंपाकघराकडं गेली. आई माहेरी गेलेली बघून त्यांनी फळीवरचे डबे उंचीप्रमाणं उभे केले. उंच मागं, बुटके पुढं. रोजच्या तिखटाचा डबा भिंतीला टेकला आणि सणासुदीलाच लागणारी जायफळाची डबी पुढं येऊन सलामी द्यायला लागली. आई परत आली, फळी बघितली आणि आबांशी बोलणंच टाकलं. डबे तिनं स्वतः हलवले नाहीत. ज्यानं लावलं त्यानंच काढावं, असा तिचा हट्ट.

शनिवारी मी घरी आले की दोघंही माझी वाटच बघत असायची.

“तुझ्या आईला सांग, च्यात साखर न्हाई,” आबा चुलीपासून दोन हातांवर बसून म्हणायचे.

“त्यास्नी सांग, साखर कंच्या रांगेत हुभी हाय ते त्यांनाच ठावं.” आई जाळ पुढं सारायची.

मी इमानानं ‘आबा म्हणाले’, ‘आई म्हणाली’ करत राहायची. सुरुवातीला हसू यायचं. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, की मी सांगलीला असते तेव्हा दोघं निरोप म्हशीला सांगतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वर्षांत माझं लग्न होईल, म्हैस काय जन्माची पुरणार आहे?

पुढच्या रविवारी दुपारी मी सरांसाठी गोष्ट पुन्हा लिहीत बसले होते आणि एकेक ‘म्हणाला’ खोडत होते.

“तिला सांग, भाजी लय मिळमिळीत झालीया,” आबा म्हणाले.

मी मान वर केली नाही. आबांनी पुन्हा सांगितलं. मी लिहीतच राहिले. आबांचं ऐकलं नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. आई भाकरी थापायची थांबली.

मग आबा उठले. पुढची रांग बाजूला करून त्यांनी मागचा तिखटाचा डबा काढला आणि आईच्या हाताशी आणून ठेवला.

आईनं डब्याकडं बघितलं. “आवं, हळद पन.”

“व्हय, व्हय.” आबा पुन्हा फळीकडं वळले.

“ती न्हवं, तिच्या मागची. आन् ते जायफळ हटवा की म्होरनं!”

“अगं, कुटं ठिवू त्येला?”

दोघांची फळीपाशी जुंपली. माझ्या एस्टीची वेळ झाली तरी कुणाला पत्ता नव्हता. मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. मी पिशवी उचलली आणि दाराशी थांबले.

“येते,” मी म्हणाले.

बऱ्याच दिवसांनी त्या घरात मी माझं स्वतःचं काही म्हणाले होते आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही.