एक जूनचा नव्हता तो

माझा शाळासोबती बबन गेल्याचा फोन त्याच्या पुतण्याने, संतोषने केला. मी नगरहून तिसगावला निघालो, तर करंजी घाटात त्याचाच दुसरा फोन. "काका, फ्लेक्सवाला जन्मतारीख मागतोय. एक जूनच टाकू ना?" अरे बाबा, काय हवं ते टाक, तेवढं नको... पण घाटात रेंज गेली.

आमच्या वेळी ज्या पोराची तारीख घरच्यांना ठाऊक नसे, त्याच्या नावापुढे हेडमास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला! मला त्याचं कधी काही वाटलं नाही, बबनला मात्र ते जन्मभर टोचलं. त्यात हा पुढे मास्तर झाला आणि रोज परिपाठाला दिनविशेष वाचायचं काम याच्याच गळ्यात पडलं. आज अमुक शास्त्रज्ञ जन्मला, आज तमुक लढाई झाली... एकदा एका पोरीने विचारलं, "गुरुजी, तुमचा वाढदिस कवा?" त्याने एक जून सांगितलं, तर पोरं ओरडली, "आमच्या आज्याचा बी!" मला हे सांगताना तो हसत होता, पण डोळे लाल. "साऱ्या जगाचा दिवस मी वाचतो रे, आणि मला मेल्याला दिवसच नाही."

त्याची आई ऊसतोडीला जायची; बबन तिकडेच कुठेतरी झालेला. विचारलं की "काय करायचंय तुला?" म्हणून ती झटकून टाकायची. पण ती नगरच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजायला लागली, तसा हा गडबडला. ही गेली की सांगणारं कोणी उरणार नव्हतं. मी म्हटलं, "बबन्या, तिला श्वास तरी घेऊ दे." ऐकेल तर शपथ! वाकून विचारतच राहिला. "आई, कोणता महिना? सण कोणता जवळ होता?" म्हातारीने तोंडावरचा मास्क ओढला. नर्स धावली. "थंडी... लई थंडी हुती," ती म्हणाली, "फडातच झाला तू... उसाचं पाचट टाकलं तुह्या अंगावर..." नर्सने मास्क परत चढवला.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "थंडी चार महिने असते लेका! तारीख कुठे मिळाली?" तो म्हणाला, "गप बस. झाकलं होतं तिने मला." आणि व्हरांड्यात ढसाढसा रडला. त्याच रात्री ती गेली.

मी तिसगावला पोचलो तेव्हा अंगणात तेच पेटलं होतं. बबनची बायको, सुमनवहिनी, संतोषच्या मोबाईलवरचा फ्लेक्स बघत उभ्या. "एक जून काढ."

"काकू, आधारवर तेच हाय. लोक हसतील."

"हसू दे! जन्मभर त्या तारखेनं जळला मानूस, आता मेल्यावर बी तीच चिकटवता व्हय?"

कोणीतरी म्हणालं, जागा मोकळी सोडा. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी सांगा..." फ्लेक्सवाला फोनवर घाई करत होता. मी संतोषच्या हातातून फोन घेतला. "लिही. जन्म : थंडीत, उसाच्या फडात." तो म्हणाला, "काय? परत सांगा." परत सांगताना मात्र मला रडू आवरलं नाही.

दहाव्याला तो फ्लेक्स वेशीपाशी लागला. दोघं-चौघं हसलेही, तोंडं लक्षात ठेवलीत मी त्यांची. गर्दी पांगल्यावर एक म्हातारी खाली थांबली. "काय लिव्हलंय, वाचून दाव रं बाबा." मी वाचून दाखवलं. तिने बबनच्या फोटोकडे पाहिलं.

"मंग मपला थोरला बी त्याच दिसाचा," म्हणाली.