विमानाला नमस्कार

“हात काढा, नाना! दोन्ही हात काढा!” पलसाण्याच्या माळावर मी घसा फोडून ओरडत होतो आणि आमचे साडू रिमोटच्या दांड्यांवरचे हात काढून अत्यंत आज्ञाधारकपणे आकाशाकडे पाहत होते. विमान डावीकडे कलंडलं, तसंच कलंडत राहिलं आणि बाभळीत घुसलं. आवाज पार दूरच्या उधन्यापर्यंत गेला असणार.

यंत्राचा इतका मान राखणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही. नानांचा जन्म गेला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात. घरच्या मिक्सरलाही ते चपला काढून हात लावतात. लिफ्टमध्ये शिरताना उंबऱ्याला शिवून हात कपाळी नेतात, तोवर मागे लोकांची रांग लागते. स्वतःच्या लग्नात सासऱ्यांपुढे जेवढे वाकले नाहीत तेवढे ते वऱ्हाडाच्या बसपुढे वाकले, असं ताई, म्हणजे माझी मेव्हणी, अजून ऐकवते. नियम मात्र एकच. यंत्र जागं झाल्यावरच नमस्कार. “बंद यंत्राच्या पाया पडनं म्हंजे झोपेल सासऱ्याले रामराम करनं. पोचला कोनाले?”

मग कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले आणि नानांची बोटं जेवतानासुद्धा हवेत धागे जोडू लागली. त्यावर उतारा म्हणून त्यांनी हे थर्माकोलसारखं हलकं विमान आणलं. ते इतक्यांदा मोडलं की मूळ विमान कमी आणि चिकटपट्टी जास्त उरली. शेवटी मीच सुचवलं, स्टॅबिलायझर लावा. काडेपेटीएवढी डबी, विमानाच्या पोटात बसते. शिकाऊ माणूस गडबडला तर त्याने फक्त हात काढायचे, डबी विमान सरळ करते. डबी लावली, आणि विमान पूर्वीपेक्षा लवकर पडू लागलं. बाभळीनंतर ताईने जाहीर केलं की आता एकदा जरी मोडलं तरी रिमोट बोहारणीला. नाना रात्रभर पंख चिकटवत बसले.

पुढच्या रविवारी मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. बॅटरी जोडली की डबीचा दिवा लुकलुकतो, आणि तो स्थिर होईपर्यंत विमान सपाट जमिनीवर ठेवायचं असतं, कारण सरळ म्हणजे काय हे ती तेव्हाच ठरवते. दिवा लुकलुकला. यंत्र जागं झालं. नानांनी विमान उचललं आणि चष्म्याला लागू नये म्हणून तिरकं करून भक्तिभावाने कपाळाला टेकवलं. डबी बिचारी त्या तिरकेपणालाच सरळ समजत होती.

मी उड्डाण थांबवलं आणि नमस्कार सोडा म्हटलं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जेवण सोडा म्हणालो. नमस्कार सोडणार नाही, विमानही सोडणार नाही, एवढं सांगून ते झाडाखाली जाऊन बसले. बऱ्याच वेळाने उठले, सपाट जागा शोधून विमान ठेवलं, बॅटरी पुन्हा जोडली आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट त्या धुळीत विमानापुढे लांबलचक साष्टांग आडवे झाले. विमानाला बोट लावलं नाही. शेजारी आपलं विमान उडवणाऱ्या गुजराती काकांनी तर देवळात आल्यासारख्या चपला काढल्या. दिवा स्थिर झाल्यावरच नाना उठले.

विमान वर गेलं. वळणावर वाऱ्याने पंख खाली दाबला आणि माझी तर ओरडायचीही छाती होईना. नानांनी आपणच हात काढले. पंख थरथरला, हळूहळू वर आला, विमान सरळ झालं. मग नानांनी ते गवतावरून घासत, पण अख्खं खाली आणलं.

काका हसले. “नाना, प्लेन तो डब्बी उडाडे छे, तमे तो खाली ऊभा छो.” विमान डबी उडवते आणि नाना नुसते उभे, हे ऐकून मलाही चेव आला. म्हटलं, आता डबी बंद करा आणि स्वतःच्या हाताने उडवून दाखवा.

नाना पंखावरची धूळ पुसत होते. वर न बघता म्हणाले, “राहू दे ती डबी, भो. मले लूमवर शिकताना कोनी सावरलं नव्हतं.”