मी जातो, पोरी राहू देत

मनीषाचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. मनीषा म्हणजे माझ्या मैत्रिणीनं, सुनंदानं, मशीनवर तयार केलेली पहिली मुलगी, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर आहे. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही, म्हणून समोर रांग असूनही मी तो उचलला. "आमच्या मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली. आणि मी, वेड्यासारखं, विचारलं, "कुठं?"... मला खरंच वाटलं, सुनंदा गडहिंग्लजला गेली असेल, आईला भेटायला. पलीकडे मनीषा काहीच बोलेना, तेव्हा कुठे कळलं.

सकाळच्या तुकडीला शिकवताना, शाहूपुरीतल्या स्वतःच्या क्लासमध्ये, सुनंदाच्या हातातून खडू पडला. तो उचलायला ती वाकली ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. रक्तदाब कित्येक वर्षांचा. गोळ्या ती आठवण झाली तर घ्यायची आणि कुणी आठवण करून दिली तर चिडायची. पन्नाशीसुद्धा गाठली नाही तिनं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहावं की नाही, असं करत करत आज बसले आहे.

आम्ही दोघी गडहिंग्लजच्या. माझ्या वडिलांचं पेठेत किराणा-गुळाचं दुकान, आम्ही लिंगायत, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. सुनंदाचे वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला, आणि घर बौद्ध वस्तीत. एका गावात राहून आमची ओळख झाली ती मात्र कोल्हापुरात, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला. वर्गात मुली दोनच, ती आणि मी, त्यामुळे मैत्री व्हायला दुसरं कारण लागलं नाही. शनिवारी एकाच एसटीनं गावी यायचो. आमच्या भागातल्या बायका बोलतात तसं ती स्वतःबद्दल कायम 'मी आलो', 'मी गेलतो' असंच बोलायची. आवाज असा, की मागच्या बाकावरून बोलली तरी कंडक्टर वळून बघायचा. वर्गातली पोरं नक्कल करायची. ही त्यांच्यासमोर आणखी मोठ्यानं बोलायची.

पहिल्यांदा ती आमच्या घरी आली तेव्हा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, तिला बाहेरच्या सोप्यातच बसवलं. चहा दिला, वागणं गोड होतं, पण आतल्या दाराशी अव्वा अशी उभी राहिली, की आत या म्हणायचा प्रश्नच येऊ नये. पुढं एकदा आमचा मिक्सर बंद पडला. घरात लग्नाची गडबड, दुरुस्तीवाला मिळेना. सुनंदा पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि अव्वाच तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. मिक्सर सुरू झाला तसं "यव्वा!" असं कानडीत म्हणून अव्वानं तिच्या गालावरून हात फिरवला, शेंगदाण्याच्या लाडवाचं ताट पुढं केलं. मला फार बरं वाटलं होतं. स्टँडकडे जाताना तसं बोलूनही दाखवलं. सुनंदा म्हणाली, "शैला, मला न्हाय आत घेतलं गं, माझ्या पकडीला घेतलं." त्यात राग नव्हता. तिनं पुढं जोडलं, "असू दे. पकड तर आत गेली."

डिप्लोमा झाला. मी बँकेची परीक्षा दिली आणि सुखरूप जागी जाऊन बसले. सुनंदानं गडहिंग्लजमध्ये एसटी स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक दारात यायचं, आत डोकावायचं आणि विचारायचं, "मेकॅनिक कुठं हाय?" ही सोल्डरिंगवरून मान वर न करता म्हणायची, "तुमच्या म्होरंच हाय की, पावणं. बसा." काहीजण बसायचे, काहीजण टीव्ही पोटाशी धरून परत जायचे. परत गेलेल्यांतले बरेच पुन्हा यायचे. चारेक वर्षांत दुकानाचं नाव झालं, आणि नेमकं तेव्हाच तिनं ते भावाच्या हवाली केलं आणि कोल्हापूर गाठलं, संगणक शिकायला. वडील दोन दिवस जेवले नाहीत. चालता धंदा सोडून पोरगी पुन्हा शाळेच्या बाकावर बसते म्हणजे काय! मीही विचारलं, भीती वाटत नाही का. "वाटती की," ती म्हणाली. "बसून राहिलं तरी वाटती, उठून गेलं तरी वाटती. मग जाऊन बघावं."

शाहूपुरीत एका संगणक क्लासमध्ये ती आधी विद्यार्थिनी होती आणि वर्षभरात तिथंच शिकवायला लागली. त्याच सुमाराला आमच्या बँकेत संगणक आले. साहेबांनी विचारलं, कोण शिकणार? पुरुषांची नावं पटापट पुढं आली, आणि आम्हा बायकांना "तुम्ही आपलं चेकचं बघा" असं सांगण्यात आलं. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. सुनंदाला हे कळलं तशी ती थेट घरी आली. माझे यजमान दार उघडायला गेले, त्यांना म्हणाली, "दाजी, उद्यापासनं तुमचा संध्याकाळचा चहा तुम्हीच करायचा हाय." अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत तिनं मला बसवलं. बोटं चुकीच्या ठिकाणी पडायची, स्क्रीन कोरी व्हायची, आणि वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणायची, "मोडलं न्हाय ते, पुन्ना कर!" बँकेत संगणकावर बसणारी पहिली बाई मी झाले. माझ्यामागून दोघी आल्या. त्यातल्या एकीलाही सुनंदानंच शिकवलं, तिच्या घरी जाऊन.

मग कागलचा कारखाना. तिथं संगणकावर चालणारी, लोखंड कापायची नवी लेथ मशीनं आली होती आणि त्यांना आज्ञावली लिहून देणारं माणूस हवं होतं. मशीनला आकड्यांच्या भाषेत सांगायचं, इथून तिथं जा, एवढं काप, थांब. सुनंदानं अर्ज केला. मुलाखतीत मॅनेजरनं लग्नाचं विचारलं, नोकरी धरणार आणि लग्न झालं की सोडणार, असं. हिनं त्यालाच विचारलं, "भाईर जी पोरं बसल्यात, त्यास्नी इचारलं काय हे?" मालक बाजूला बसले होते, ते हसले. नोकरी मिळाली. पहिले कित्येक महिने ती आपलं काम संपवून मशीनवरच्या कामगारांशेजारी उभी राहायची, लोखंड कसं कापलं जातं ते बघत, आवाज ऐकत. मशीनचा आवाज बदलला की तिला कळायचं. अंगावरच्या साडीची जागा पँट-शर्टनं घेतली, आणि गडहिंग्लजला त्याचीच चर्चा जास्त झाली.

कारखान्यात मुली होत्या, पण सगळ्या पॅकिंगला. तयार झालेला जॉब, म्हणजे कापून झालेला भाग, पुसायचा, कागदात गुंडाळायचा, खोक्यात भरायचा. मनीषा त्यातलीच, आसपासच्या खेड्यातली, बारावी झालेली. जेवणाच्या सुट्टीत ती मशीनपाशी येऊन उभी राहते, हे सुनंदानं हेरलं. तिला आणि तिच्यासोबतच्या आणखी दोघींना ती शिकवायला लागली आणि वर्षभर मालकांच्या मागं लागून तिघींना मशीनवर घ्यायला लावलं. पुरुष कामगारांना ते रुचलं नाही, मुलींच्या घरच्यांनाही नाही. मनीषाच्या वडिलांना पटवायला सुनंदा त्यांच्या गावी गेली. ते म्हणाले, यंत्रात हात गेला तर लग्न कोण करील? ती म्हणाली, "पोराचा हात गेला तर काय नवा उगवतोय व्हय? हात जाऊ नये, ह्येच पैलं शिकवतो मी." शेवटी त्यांनी परवानगी दिली.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि एके दुपारी मनीषाकडून एका आकड्यामागं वजाचं चिन्ह जास्तीचं पडलं. कापायचं टूल भलत्याच दिशेला गेलं आणि जोरात आदळलं. त्याचा तुकडा मशीनच्या दाराच्या काचेवर येऊन बसला. मनीषाला इजा झाली नाही, पण मशीनला झाली आणि ते बंद पडलं. मालकांनी संध्याकाळी सांगितलं, तिन्ही मुली उद्यापासून पुन्हा पॅकिंगला. सुनंदा त्यांच्या केबिनमध्ये गेली. तिथं काय झालं ते मला तिनं आणि पुढं मनीषानं, दोघींनीही सांगितलं. मनीषा दाराबाहेर रडत उभी होती. सुनंदा म्हणाली, साहेब, याआधी पोरांकडूनही असं झालं आहे, तेव्हा ज्याची चूक त्याला तुम्ही बोललात. आज एकीकडून झालं तर तिघींना काढता, हा कुठला हिशेब? मालक म्हणाले, मला भागीदारांना तोंड द्यायचं आहे, कुणाला तरी जबाबदार धरावंच लागेल. त्यावर सुनंदा म्हणाली, "मग मला धरा. आज्ञावली तपासायचं काम माझं हाय. मी जातो, पोरी राहू देत."

तिला वाटलं असेल, ते नको म्हणतील. मी नंतर खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं हे कबूल केलं. पण मालक नको म्हणाले नाहीत. त्यांनी मान हलवली. मुली राहिल्या, सुनंदा गेली.

मी फार चिडले होते. एवढ्या वर्षांची नोकरी, कोल्हापूर जिल्ह्यात तेव्हा असं काम करणारी बाई शोधून सापडली नसती, आणि ही तीन पोरींसाठी ते टाकून आली. मी म्हटलं, तू आत राहिली असतीस तर तिसाजणींना आणलं असतंस. ती म्हणाली, "त्या परत पॅकिंगला गेल्या असत्या तर पुन्ना कुनाला आनता आलं नसतं, शैला." कोण बरोबर होतं, मला आजही ठरवता येत नाही. तिला मशीनची आठवण यायची, एवढं मात्र नक्की. एमआयडीसीच्या रस्त्यानं आम्ही एकदा रिक्षातून चाललो होतो, कुठल्याशा शेडमधून लोखंड कापल्याचा आवाज आला, आणि ती बोलता बोलता तिकडं वळली. त्या दिवशी मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. एरवी कधी पाहिलं नाही.

त्यानंतर शाहूपुरीतला तिचा स्वतःचा क्लास. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, जुने संगणक, खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान. यंत्राची रेखाचित्रं संगणकावर काढायची, आज्ञावली लिहायची, हे ती फक्त मुलींना शिकवायची. पहिल्या वर्षी मुली मोजक्याच आल्या. तिनं गावोगावच्या आयटीआयमध्ये जाऊन बोलायला सुरुवात केली, मुलींच्या आयांना गाठलं, एसटीत शेजारी बसलेल्या पोरीलासुद्धा सोडलं नाही. कारखान्यांत फोन करायची, भांडायची. भांडणं जरा जास्तच करायची. काही मालकांनी तिचं नाव ऐकून दार लावून घेतलं आणि त्याचा तोटा मुलींनाही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलींवरही ओरडायची, उशिरा आली की घरी पाठवायची. लग्न केलं नाही. त्यागबिग म्हणून कुणी त्याचं कौतुक केलं की तिला हसू यायचं. "जमलं न्हाय, एवढंच," म्हणायची. पण वर्षं गेली तशा मुली वाढल्या. कागलच्या त्या जुन्या कारखान्यात आता मनीषा एका पाळीची प्रमुख आहे. मालकांनी सुनंदाला परत बोलावलं नाही. मात्र त्यांना नवीन मुली हव्या असल्या की मनीषामार्फत निरोप याच क्लासला यायचा, आणि सुनंदा मुली पाठवायची.

गेल्या रविवारी तिच्या भावाबरोबर मी क्लासवर गेले. खोली सोडायची का, संगणक कुणाला द्यायचे, हे ठरवायचं होतं. जिन्यातच आवाज आले. वर चपलांचा ढीग. आत मुली काम करत बसल्या होत्या आणि मनीषा, सुट्टीच्या दिवशी, वर्ग घेत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. भाऊ दाराशीच थांबला. मी आत जाऊन एका मुलीच्या मागं उभी राहिले. तिची रेघ काही केल्या वर्तुळाला मिळत नव्हती. मला उत्तर दिसत होतं. न राहवून मी माउसला हात घातला तोच मनीषा पलीकडून म्हणाली, "मॅडम, हात मागं."

मी चमकून बघितलं. ती स्वतः पाठीमागं हात बांधून उभी होती. थोडी लाजली. म्हणाली, "आमच्या मॅडमचा नियम हाय. मॅडम डिप्लोमाला असताना सर म्हनं त्यांच्या हातातलं काढून घेऊन स्वतःच करून दाखवायचे, पोरींना जमनार न्हाय म्हणून. म्हणून त्या आम्हाला शिकवताना कधी हात लावायच्या न्हाईत. लई येळ लागायचा... पर थांबायच्या."

त्या सरांच्या वर्गात मीही होते. माझ्या हातातली पक्कडही त्यांनी कितीदा घेतली होती, आणि मी ती आनंदानं दिली होती. मी माउस सोडला, हात पाठीमागं नेले, एका हातानं दुसरं मनगट धरलं. ते धरून ठेवणं किती कठीण असतं ते त्या दिवशी समजलं. मुलगी चुकली, पुसलं, पुन्हा चुकली. खाली भांड्यांच्या दुकानात काहीतरी घरंगळत गेलं. मनीषाचे हात पाठीमागंच होते, माझेही. आणि मग रेघ वर्तुळाला जाऊन टेकली. मुलीनं मागं वळून पाहिलं, शाबासकीसाठी नाही, नुसतंच, आम्ही पाहिलं की नाही ते बघायला.

भावानं दारातूनच विचारलं, "मग, खोलीचं काय करायचं, शैलाताई?"

मी हात न सोडताच म्हटलं, "थांब जरा. वर्ग चालू हाय."