नाल कशानं झिजते

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, पोरांपुढं नाही, देवासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरून सांगतो. मध्ये थांबलो तर थांबू द्या.

मी मूळचा कोरेगावकडचा. पलटणीत वेल्डिंग शिकलो, एकाहत्तरची लढाई झाल्यावर सुटून आलो आणि सांगलीजवळ कुपवाडला पत्र्याचं शेड घातलं. पलटणीत माझ्या शेजारच्या खाटेवर दत्ताराम असायचा. कोकणातला, कोळ्याचा पोरगा. माझे वडील वारले तेव्हा त्यानं स्वतःची मंजूर झालेली रजा मला सोडली. त्या रजेत त्याचं लग्न ठरलेलं होतं — ते पुढं ढकललं. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्याकडून कळलं.

समुद्राचं काम माझ्याकडं आलं ते गुळाच्या ट्रकमधनं. सांगलीचा गूळ घाट उतरून कोकणात जायचा आणि परतीच्या ट्रकमधनं तिथल्या एका ट्रॉलरवाल्या शेठचं लोखंड माझ्या दारात पडायचं. ट्रॉलर म्हणजे इंजिनाची मोठी बोट, मागं जाळं ओढत नेणारी. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन जाडजूड लाकडी फळ्या लावतात. फळीच्या खालच्या कडेला लोखंडी पट्टी असते — तिला आम्ही नाल म्हणायचो. त्या नाला मी करायचो. जाताना अंगठ्याएवढ्या जाड जायच्या. परत यायच्या त्या खालून झिजून पत्र्यागत झालेल्या, लखलखीत, सांधीत वाळू आणि शिंपल्यांचा चुरा.

लोखंड पाण्यानं असं झिजतं होय?

मला कळत होतं. पहिल्याच खेपेला कळलं होतं. ती नाल समुद्राचा तळ खरवडत जात होती. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, जिथं मासळी अंडी घालते, पिल्लं वाढतात, बरोबर तिथनं. बोटाएवढी पिल्लं जाळ्यात आली की मेलेली परत पाण्यात फेकायची. आमच्याकडं नव्या लागणीच्या उसात कुणाची म्हैस शिरली तरी कुऱ्हाडी निघतात. तिथं रोज इंजिन लावून शिरत होते, आणि त्याला नाव काय — तर प्रगती. प्रगती म्हणे. आजही तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पण तेव्हा फिरलं नाही. तेव्हा मी त्या प्रगतीला नाला ठोकत होतो.

एकदा दत्ताराम भेटायला आला. त्याच्या गावाची मासेमारी म्हणजे रापण — सगळ्या गावानं मिळून किनाऱ्यावरनं ओढायचं लांबलचक जाळं. ते रिकामं येऊ लागलं होतं. गावानं अर्ज केला होता, की या बोटींना किनाऱ्यापासून लांब ठेवा, हद्द आखून द्या. चौकशीला साहेब येणार होता. हे सांगता सांगता त्याची नजर कोपऱ्यातल्या झिजलेल्या नालांवर गेली. एक उचलून त्यानं खालच्या बाजूनं हात फिरवला.

"ह्या तू करतस?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. तो रागावला नाही — रागावला असता तर बरं झालं असतं.

"मगे तूच ये," तो म्हणाला. "सायबासमोर खरा काय ता सांग."

"येतो की गड्या," मी म्हणालो.

गेलोही. शाळेच्या पडवीत टेबल टाकलं होतं, सगळं गाव जमलेलं. दत्तारामनं मला पुढं बसवलं, सगळ्यांना सांगितलं — हा माझा पलटणीतला भाऊ, ह्या फळ्यांचं लोखंड हाच करतो, हा सांगेल. म्हातारे कोळी आधी बोलले. पाणी गढूळ होतं, पिल्लं मरतात. साहेब प्रत्येकाला एकच विचारायचा, पुरावा काय? जन्मभर त्या पाण्यात उतरलेल्या माणसांना, ज्याच्या बुटाला वाळूसुद्धा लागली नव्हती, तो पुरावा मागत होता.

माझी पाळी यायच्या आधी शेठ शेजारी येऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "सांगलीकर, शेड वाढवायचं म्हणत होता ना?"

बस्स, एवढंच. ना धमकी, ना काही. एवढ्यावर मी वाकलो.

मी उभा राहून म्हणालो, "साहेब, फळ्या पाण्यात अधांतरी चालतात. तळाला लागत नाहीत."

"मग खाली लोखंड कशाला?" साहेबानं विचारलं.

"वजनासाठी."

साहेबानं ते लिहून घेतलं. जाणकार माणसाचं म्हणणं म्हणून. मी दत्तारामकडं बघितलं नाही. हद्द काही आखली गेली नाही.

इथंच संपलं असतं तर मी कदाचित सांगितलंही असतं कुणाला. पण गाव काय समजलं? दत्तारामनं साक्षीदार आणला आणि तो शेठच्या बाजूनं बोलला. म्हणजे दत्तारामच फुटला. रापणीतला त्याचा हिस्सा बंद झाला. त्याच्या दारावरनं माणसं न बोलता जाऊ लागली. आणि त्यानं एकदाही माझ्या नावानं बोटं मोडली नाहीत, म्हणून तर संशय आणखीच पक्का झाला.

हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं — म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती एकटी घाट चढून कुपवाडला आली होती. मी आतल्या खोलीत होतो. बायकोला म्हणालो, "आटपाडीला गेल्यात म्हणून सांग." तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि जाऊन तसं सांगितलं.

वहिनी दुपार होईस्तोवर दारात बसून राहिली. जाताना म्हणाली, "भावजींका सांगा, एकदा गावात येवन बोला. तेंनी कोणाकडसून कायच घेवक नाय. इतक्याच सांगा." दाराआडून मला शब्द न् शब्द ऐकू आला. एक पाऊल टाकायचं होतं. टाकलं नाही.

त्याच वर्षी शेड वाढलं. नाला करणंही मी थांबवलं नाही. दत्ताराम घरदार सोडून गेला. गोव्याकडं कुठल्याशा बंदरात हमाली करतो असं उडत उडत कानावर आलं, मग तेही येईनासं झालं.

पुढं काही वर्षांनी सरकारनं कायदा केला, इंजिनाच्या बोटींना किनाऱ्यापासून हद्द घातली. म्हणजे दत्ताराम म्हणत होता ते सरकारनंसुद्धा मान्य केलं. मी नाही केलं. त्या दिवशीही मी त्याच्या गावाला गेलो नाही.

तिथं अजून त्याचं नाव निघालं की लोक फितूर म्हणतात. ते नाव त्याला मी दिलं.