दिसायला तेच अक्षर

कॉलेजात संगणक शिकवून उरलेल्या वेळात मी तालुक्यातल्या लोकांसाठी एक फोरम चालवायचो. मुंबईतले चाकरमानी तिथे गावच्या गप्पा मारायचे. सगळ्यांत जास्त वाचलं जायचं ते मिरकरवाड्यातल्या एका ताईंचं. त्या बंदरावर मासे विकायच्या आणि विक्री आटोपली की मोबाइलवर चार ओळी लिहायच्या. आज बांगडा किती आला, वारा कसा होता, कोण कोणाशी भांडलं.

एकदा त्यांनी प्रखर दिवे लावून मासळी ओढणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध लिहिलं. दुपारपर्यंत त्याखाली कुणीतरी टोपणनावाने त्यांना आईवरून शिवी घातली. ती शिवी माझ्या शिव्या अडवणाऱ्या फिल्टरच्या यादीत होती, तरी सुटली. बघतो तर त्याने 'आ' हे अक्षर न वापरता 'अ' टाइप करून पुढे वेगळा काना दिला होता. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द.

खरं सांगायचं तर मला राग आला नाही, चेव आला. मी नियम दुरुस्त केला. त्याने अक्षरांमध्ये न दिसणारं चिन्ह घुसवलं. त्याचाही बंदोबस्त केला, तर तो रोमन लिपीत आला आणि त्यातला 'a' हुबेहूब तसाच दिसणारा रशियन लिपीतला निघाला! मग मी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची मोठी यादीच केली. आधी सगळी एका रूपात आणायची, मग शब्द तपासायचा. यात तीन दिवस गेले. त्याच्या शिव्या मी तोवर तशाच ठेवल्या होत्या, चाचणीला लागतात म्हणून.

चौथ्या दिवशी सगळ्या अडकल्या. मी खुशीत बंदरावर गेलो. ताई सुरमई कापत होत्या.

"ताई, आता त्याने काहीही लिहू दे, सुटणार नाही."

"तीन दिवस होतं ना तिथे?"

"यंत्राला ओळखता येत नव्हतं हो. अक्षरं वेगळी होती."

त्यांची सुरी थांबली. "यंत्राचं सोडा. तुम्हाला वाचता येत होतं ना, सर? माझ्या पोरीने वाचलं. तिच्या वर्गातल्या मुलींनी वाचलं."

मी चाचणीबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"हाताने पुसायला किती वेळ लागला असता?"

"एक बटण दाबायचं होतं," मी म्हणालो.

गिऱ्हाइकाकडे वळून त्यांनी तुकडे पिशवीत भरले.

त्यानंतर त्यांनी कधीच लिहिलं नाही. शिव्या देणाराही गेला, कोण होता ते कळलं नाही. चाकरमानी काही महिने ताईंची चौकशी करत होते. मी उत्तर द्यायचं टाळलं. हळूहळू तेही यायचे थांबले आणि मी फोरम बंद केला.

ती अक्षरांची यादी मी आता वर्गात शिकवतो. मुलांना फार आवडते, हसतात, स्वतः नवीन जोड्या शोधून आणतात. ताईंबद्दल मी त्यांना काही सांगत नाही.