त्या वर्षी तट्ट्या टाकल्या नाहीत

मुलांनो,

परवा तुम्ही हॉवरक्राफ्टमध्ये बसल्याचा व्हिडिओ पाठवलात आणि विचारलंत, आजी, तू असं काही कधी पाहिलंस का? पाहिलेलं नाही. पण त्या हॉवरक्राफ्टच्या नावाने आमच्या घरात जे झालं ते मी तुमच्या आईवडिलांनाही सांगितलेलं नाही. व्हिडिओ पाहून मला राग आला. तुमचा नव्हे. कुणाचा, ते क्रमाने सांगते.

नागपूरला शिकून मी सिरोंचाला सून म्हणून आले. तुमचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ आलापल्लीला लाकडाच्या डेपोत असत. घरी मी, जाऊबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. गावात त्यांचा शब्द चाले. शस्त्रक्रिया होईल असा दवाखाना प्राणहितेच्या पलीकडे, तेलंगणाच्या बाजूला होता. पावसाळ्यात डोंगा, म्हणजे लाकडी होडी, थेट काठाला लागे. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की काठापासून धारेपर्यंत नुसता गाळ उरे. त्यात डोंगा चालत नसे आणि गाडी रुतत असे. म्हणून दरवर्षी घरटी एक माणूस जाऊन गाळावर बांबूच्या विणलेल्या तट्ट्या अंथरी. त्या वाटेने गाड्या धारेपर्यंत जात.

१९५९ साली इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी आली. विलायतेत एकाने दोन रिकामे डबे एकात एक बसवून, त्यांच्या फटीतून हवा सोडून प्रयोग केला होता; त्यातून जमिनीला न टेकता चालणारी गाडी तयार झाली आणि ती समुद्र ओलांडून फ्रान्सहून इंग्लंडला गेली. मामंजींनी ती बातमी मला ओसरीवर जमलेल्या मंडळींना वाचून दाखवायला लावली.

"पाण्यावरून जाते?" एकाने विचारलं.

"हो."

"गाळावरून? रेतीवरून?"

"तसं लिहिलंय."

"मंग भाऊ, ते आपल्यासाठीच बनवली म्हणा ना." सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून सरकारला इंग्रजीत अर्ज लिहून घेतला, की सिरोंचाला अशी एक गाडी द्यावी. आणि गावाला सांगितलं, यंदा तट्ट्या टाकायच्या नाहीत.

मी म्हटलं, "मामंजी, तशी गाडी अजून एकच आहे. तिच्याही चाचण्याच चालू आहेत."

"तट्ट्या टाकल्या तर पाहाले येणारा साहेब म्हणन, यांचं तर भागून राह्यलं. मंग काऊन देईल गाडी? त्याले गाळ दिसला पाहिजे. तुले इंग्रजी येते सूनबाई, सरकार नाई येत."

"जाऊबाईंचे दिवस भरत आलेत."

"बायका काय पहिल्यांदा बाळंत होऊन राह्यल्या?"

गावाने ऐकलं. बांबू काठावर तसाच, न विणलेला पडून राहिला. साहेब आला नाही.

जाऊबाईंना पहाटे कळा सुरू झाल्या. उन्हं चढल्यावर सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्या हातचं नाई. पलीकडे न्या." गाडी जुंपली. काठापासून थोडी पुढे गेली आणि चाकं आसापर्यंत बसली. बैलांनी गुडघे टेकले. धारेतून डोंगेवाला ओरडून विचारत होता, "तट्ट्या कुठी हाय, बाई?" मामंजी काठावर काठी टेकून उभे होते.

मी गावात पळाले. बायकांनी न्हाणीघराच्या तट्ट्या उपसल्या, कुंपणाच्या उपसल्या. एकीने तर स्वयंपाकघराची भिंतच काढून आणली आणि सासूला म्हणाली, "चूल कोठं पळून जाते, आत्याबाई?" पुरेशा नव्हत्याच. मग जाऊबाईंना गाडीतून खाटेवर घेतलं आणि खाट पुढे गेली की मागच्या तट्ट्या उचलून पुढे अंथरायच्या, असं करत आम्ही धारेपर्यंत पोचलो. तोवर दुपार कलली होती. दवाखान्यात जाऊबाई वाचल्या. मुलगी होती. ती पोटातच गेली होती. वाट तयार असती तर सकाळीच पोचलो असतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे मी अनुमानाने लिहीत नाही, माझ्यासमोर म्हणाल्या.

जाऊबाई घरी आल्या त्याच संध्याकाळी मामंजींनी मला ओसरीवर बोलावलं. "सूनबाई, दुसरा अर्ज लिही. पोर गेली, हे त्यात टाक. आता तरी सरकार ऐकन."

आत जाऊबाई पडल्या होत्या. मधे फक्त कुडाची भिंत.

मी म्हटलं, "नाही लिहिणार."

"काऊन?"

"तुम्ही तट्ट्या टाकू दिल्या नाहीत, हेही लिहावं लागेल म्हणून."

त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी सरळ बोलले नाहीत. मीही बोलायला गेले नाही. ते भोळे होते, गावाचं भलं पाहत होते, असं तुमचे आजोबा शेवटपर्यंत सांगत राहिले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ज्याला गाळ दाखवायचा होता, त्याने स्वतः त्यात उतरून दाखवायचा होता.

पुढच्या वर्षी बायकांनी मामंजींना न विचारता तट्ट्या टाकल्या. मामंजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी पूल झाला. आता तट्ट्या कुणी टाकत नाही. जाऊबाईंना पुन्हा मूल झालं नाही. त्या माझ्याकडेच राहतात. कानांनी कमी ऐकू येतं, पण सकाळचा चहा अजून त्याच करतात.